लाखनीचं चौसष्ट खणांचं मशीन

लाखनीला त्या काळी संगणक होता असं मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे पाहतो, मग माझ्या चहाच्या कपाकडे पाहतो. हमरस्त्यावरचं गाव, ट्रकांची रांग, टायर-पंक्चरची दुकानं, मागे धानाच्या बांध्या, आणि मध्येच संगणक? पण होता. आमच्या धान उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या गोदामात, एका बाजूला उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या पोत्यांची थप्पी आणि दुसऱ्या बाजूला ते मशीन, असा संसार होता. मी त्याचा प्रोग्रामर. माझी आई लोकांना सांगायची, "आमचा कापगते मशीनले शिकवते." ती मलाही आडनावानेच संबोधायची, कारण घरात ज्याचं नाव मला ठेवलं होतं तो आजोबा, म्हणजे तिचा सासरा, अजून जिवंत होता.

मशीन आणलं ते आमच्या चेअरमन दादासाहेबांनी. मुंबईला ते पंप घ्यायला गेले होते. तिथे एका बंद पडलेल्या कंपनीचा लिलाव चालू होता, आणि दादासाहेबांना लिलावात हात वर केल्याशिवाय चैन पडत नसे. पंप राहिला, आणि दोन ट्रक भरून इंग्लंडमध्ये बनलेली लोखंडी कपाटं लाखनीला आली. गोदामाचं दार लहान पडलं म्हणून भिंत पाडली. भिंत पुन्हा बांधली तेव्हा मशीन आत होतं आणि बाहेर न्यायचा रस्ता राहिला नव्हता, त्यामुळे ते चालवणं भागच होतं.

चालवणारे आम्ही दोघे. मी आणि जब्बारभाई. जब्बारभाई मूळचे राईस मिलचे फिटर. मशीनचे पत्रे उघडून आत पाहिल्याबरोबर ते म्हणाले, "ह्यात पट्टा नाही, गेअर नाही. मंग हे चालते कायच्या भरवशावर?" पण आठवडाभरात त्यांनी आत हात घातला आणि पुढे तो कधी बाहेर काढला नाही. खोलीच्या दारावर त्यांचा शब्द शेवटचा. एकदा खुद्द दादासाहेबांना त्यांनी अडवलं होतं. "साहब, चप्पल बाहेर. धानाचा कोंडा आत नाही चालत." दादासाहेबांनी चप्पल काढली. आमसभेतही ते इतकं नमत नसत.

सगळी माहिती जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून मशीनला भरवावी लागे. पावसाळ्यात ही कार्डं हवेतलं पाणी पिऊन फुगायची आणि मशीनच्या घशात अडकायची. मुंबईच्या कोण्या तज्ज्ञाला विचारलं तर त्याने कोरड्या हवेचं एक यंत्र घ्यायला सांगितलं. जब्बारभाईंनी कार्डांचे गठ्ठे उचलले आणि शेजारच्या मिलमध्ये उसन्या तांदळाच्या भट्टीजवळ सुपात पसरून ठेवले. दिवसभर पापडासारखी उलटसुलट केली. संध्याकाळी कार्डं कडक झाली आणि मशीनने सगळी एका दमात गिळली. त्या महिन्यात आमच्या हिशोबांना भाताचा वास येत होता, एवढंच.

आता माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं समजेल. प्रत्येक जातीच्या मशीनला तिची स्वतःची बोली असते. पुण्याच्या मशीनसाठी लिहिलेला प्रोग्राम लाखनीच्या मशीनला कळत नाही. तेव्हा देशभर विखुरलेल्या आमच्यासारख्या काही लोकांनी मिळून एक प्रोग्राम केला होता. काम एकदा लिहायचं, आणि हा प्रोग्राम ते ज्याच्या त्याच्या मशीनच्या बोलीत उतरवून देणार. आम्ही त्याला 'दुभाष्या' म्हणायचो. दुभाष्या कोणाच्या मालकीचा नव्हता. कोणीही न्यावा, कोणीही बदलावा, फक्त केलेली सुधारणा सगळ्यांना पोस्टाने पाठवावी. पगार नाही, पदवी नाही. दुभाष्यात प्रत्येक मशीनचं एकेक प्रकरण असे आणि त्या मशीनचा माणूस ते सांभाळत असे. लाखनीचं प्रकरण माझ्याकडे. नवं काही आलं की ते आपल्या मशीनवर चालतं का हे पाहायचं आणि नसेल चालत तर चालवायचं. एखाद्या बापाने वांड पोराला दरवर्षी कसंबसं पास करून घ्यावं, तसं हे काम होतं.

आमचं मशीन वांड होतं ते दोन कारणांनी. पहिलं कारण माझ्या अभिमानाचं.

हे मशीन बनलं तेव्हा इंग्लंडात एका पौंडाचे वीस शिलिंग होते. म्हणून त्याच्या पोटात एक खास रकाना होता. त्यात एकोणीसवर एक मिळवला की ते शून्य करायचं आणि एक डावीकडे सरकवायचं. शाळेत आपण दहाचा हातचा घेतो, हे वीसचा घ्यायचं. हिंदुस्थानात आल्यापासून तो रकाना मेलेलाच होता, कारण आपले पैसे शंभराचे. एका दुपारी माहितीपुस्तकात मला तो सापडला आणि मी खुर्चीवरून उठलोच. वीस कुडो म्हणजे एक खंडी! आमच्याकडे धान मोजायची जुनी रीत हीच. कायद्याने क्विंटल आले, काट्यावर क्विंटलच चाले, पण घरी कोठीत धान भरताना माणूस कुडोनेच मोजायचा. मी पौंडाच्या जागी खंडी बसवली, शिलिंगच्या जागी कुडो, आणि पावतीवर क्विंटलच्या खाली दुसरी ओळ छापू लागलो. इंग्रजांच्या राणीसाठी केलेली सोय लाखनीच्या धानाला लागली, ह्या विचाराने मी किती दिवस एकटाच हसत होतो. पायली मात्र पेनीच्या बाराच्या रकान्यात बसेना, ती सोडून दिली.

दुसरं कारण लाजेचं. ह्या मशीनच्या पोटात अक्षरांसाठी फक्त चौसष्ट खण होते. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे, थोडी चिन्हं, की खण भरले. मराठीच्या काना-मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं ठेवायची कुठे?

एकदा मंत्री येणार होते. दादासाहेब म्हणाले, "मशीनमधून मोठ्ठं 'स्वागत' छापून काढा."

मी म्हटलं, "दादासाहेब, ह्याला मराठी येत नाही."

"काहून? पाच वर्षं झाले ना लाखनीत राहून. मंग तुम्ही कायले ठेवले आहात? शिकवा."

मी चौकोनी कागदावर 'स्वागत' काढलं, आणि जिथे रेघ असेल तिथे X हे अक्षर छापायला लावलं. हजारो X मिळून भिंतभर 'स्वागत' झालं. मंत्री खूश. पण त्या दिवसापासून मशीनला मराठी येते ही गोष्ट दादासाहेबांच्या मनात पक्की झाली आणि मी मुद्दाम शिकवत नाही हीसुद्धा. तेव्हापासून ते अधूनमधून ऐकवायचे, "कापगते, ज्या दिवशी तुमचं ते दुभाष्यावालं मंडळ हात वर करन, त्या दिवशी हे मशीन भंगारात आन तुम्ही काट्यावर. समजलं ना?"

काटा म्हणजे वजनाचा. धान तोलणाऱ्याच्या शेजारी पत्र्याखाली बसून पावत्या फाडायच्या. मला त्या काट्याची फार भीती होती. मशीनची खोली थंड होती, त्यात मी साहेब होतो. काट्यावर मी कोण?

ऐंशी साल उलटल्यावर मंडळात कुरबुर सुरू झाली. बाकी सगळीकडे नवी मशीनं आली होती. त्यांच्यात खण भरपूर. ठिपक्या-ठिपक्यांनी हवं ते अक्षर काढणारी छापयंत्रंही आली होती. हैदराबादच्या एका बाईंनी दुभाष्यात देवनागरी बसवायची युक्ती काढली. पण दुभाष्याचा मधला भाग सगळ्यांचा सामायिक, आणि तो सगळ्यात लहान मशीनला झेपेल असाच ठेवावा लागे. वरातीत सगळ्यात म्हाताऱ्या बैलाच्या चालीने बाकीच्या बंड्या चालतात, तशी गत. म्हातारा बैल आमचा. चौसष्ट खणांचं मशीन देशात आता एकच उरलं होतं. लाखनीचं प्रकरण काढलं की मराठी आत येणार होती, दवाखान्यांच्या चिठ्ठ्यांवर, विजेच्या बिलांवर.

आणि मंडळाचा एक नियम होता. जोवर मशीन चालू आहे आणि त्याचा माणूस 'नको' म्हणतो, तोवर त्याचं प्रकरण काढायचं नाही. हा नियम पुण्याच्या लिमयांनी लिहिलेला, स्वतःचं मशीन सगळ्यात जुनं होतं तेव्हा. लिमये मंडळाचे निमंत्रक. दर सहा महिन्यांनी त्यांचं पोस्टकार्ड यायचं, "आपल्या यंत्राविषयी संपूर्ण आदर बाळगून विचारतो", आणि मी उलट टपाली लिहायचो, "नको." जुना दुभाष्या आमच्याकडून कोणी हिसकावून नेणार नव्हतं, हे खरं. पण सरकारी नियम दरवर्षी बदलत, प्रोग्राम दरवर्षी बदलावा लागे, आणि मंडळाचा हात सुटला की एका हंगामात आमचं सगळं शिळं होणार होतं. मग भंगार. मग काटा. लोकांना मी सांगायचो ते मात्र असं, की लाखनीच्या शेतकऱ्याचा कुडो वाचवतोय. आणि मला ते खरंही वाटत होतं.

शेवटी लिमये स्वतःच आले. दिवाळी झाली होती, धान निघालं होतं, गोदामासमोर बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एस.टी.तून एक बारीक, टोपीवाले गृहस्थ उतरले, हातात पिशवी. जब्बारभाईंनी त्यांना दारातच अडवलं. "चप्पल बाहेर." लिमयांनी चप्पल काढली, मोजेही काढले. जब्बारभाईंना तो माणूस तिथेच आवडला.

मी भांडायच्या तयारीत होतो. दादासाहेबांनी पाहुणा पुण्याचा म्हणून बोडीतली, म्हणजे गावतळ्यातली, ताजी मासोळी पाठवली. लिमयांनी मासोळीकडे पाहून डोळे मिटले, नुसता भात खाल्ला आणि म्हणाले, "तांदूळ उत्तम आहे हं." आमच्या झाडीपट्टीत, ह्या धानाच्या मुलखात, ह्याहून चांगलं बोलता येत नाही. सगळं गोदाम त्यांच्या बाजूचं झालं, मी सोडून.

त्यांनी मशीन फिरून पाहिलं. वीसचा हातचा चालवून दाखवा म्हणाले. मी दाखवला. एकोणीस कुडो, वर एक कुडो, एक खंडी. त्यांनी तीनदा करायला लावलं आणि दर वेळी टाळी वाजवली.

"कापगते," ते म्हणाले, "यंत्र पाहून फार आनंद झाला. तुमचा 'नको' मला आता अधिक समजला. मी आग्रह करणार नाही. नियम माझाच आहे, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करू?"

भांडायला आलेल्या माणसाशी भांडता येतं. हा माणूस भांडेना. मला उगीच राग आला.

लिमयांच्या पिशवीत एक कागद होता. हैदराबादच्या बाईंची युक्ती वापरून पुण्याला छापलेला नमुना. त्यांच्या कचेरीतल्या कारकुनांची नावं, मराठीत. त्यांनी तो ओसरीवरच्या पोत्यावर पसरला. जोडाक्षरं फुटली होती, लक्ष्मणाचे तीन तुकडे झाले होते. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "ह्याला अजून वेळ लागेल."

तेवढ्यात बुधाजी तिथे आला. पिंपळगावचा बुधाजी भोंगाडे, आमचा जुना सभासद. पावतीची वाट पाहत होता. तिसरीपर्यंत शिकलेला. आमची पावती इंग्रजीत असल्यामुळे त्याला वाचता येत नसे. शेजाऱ्याच्या पावतीत आपली मिसळू नये म्हणून तो घरी नेऊन मागच्या बाजूला हळदीचं बोट लावून घ्यायचा. हे मला ठाऊक होतं आणि मी त्याची गंमत करायचो.

बुधाजी पोत्याजवळ बसला आणि बोट ठेवून वाचू लागला. "म... धु... कर. मधुकर. मधुकर विष्णू जोशी." त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे मशीनचं आहे जी?"

"हो. पुण्याच्या."

तो पुढे वाचत गेला. न थांबता, सगळी यादी, मोठ्याने. पुण्याच्या कुठल्या कचेरीतले कारकून, ज्यांना तो जन्मात भेटणार नव्हता, त्यांची नावं तो असा वाचत होता जसे ते सगळे त्याच्या पोरीच्या लग्नाला आले आहेत. फुटलेला लक्ष्मणसुद्धा त्याने जोडून वाचला. रांगेतले चार-सहा जण बंड्या सोडून ऐकायला आले. यादी संपल्यावर त्याने कागद उलटून मागे पाहिलं.

"आमचे नावं कोठी आहेत?"

मी म्हटलं, "बुधाजी, आपल्या मशीनला हे जमत नाही. त्याला खण कमी आहेत. पण ते तुमचा कुडो मोजते ना? ते पुण्याच्या मशीनला नाही येत."

"कुडो तं मीच मोजून भरतो जी घरून. मले माहीत नाही काय किती भरले?"

"मग ती खालची ओळ?"

"कोणती ओळ?"

मी त्याला पावतीवरची ओळ दाखवली. माझी खंडी-कुडोची ओळ, राणीच्या रकान्यातून काढलेली. त्याने ती कौतुकाने पाहिली, जणू पहिल्यांदाच पाहत होता. पहिल्यांदाच पाहत होता. ओळ होती इंग्रजीत.

"भल्ली चांगली आहे," तो माझ्या समाधानासाठी म्हणाला. "पण नाव पाह्यजे होतं जी. मंग हे मशीन एवढे वर्षं कोणाचं नाव छापून राहिलं?"

मला इतका संताप आला की मी आत जाऊन बसलो. जब्बारभाईंनी पाणी दिलं. ते माझ्यावर हसत नव्हते, आणि मला तेच जास्त लागलं. बुधाजीवर रागावून काय होणार होतं? मी आणखी दहा वर्षं ते मशीन जगवलं असतं तरी त्याने बुधाजीचं नाव लिहिलं नसतं. आणि मी जगवत होतो तोवर देशातल्या दुसऱ्या कुठल्या मशीनलाही कोणा बुधाजीचं नाव लिहिता येणार नव्हतं. हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. कोणी पोत्यावर बसून मोठ्याने वाचलं नव्हतं, इतकंच.

बाहेर येऊन मी लिमयांना म्हटलं, "काढा."

ते घाबरले. म्हणाले, "तुम्ही रागात आहात. उद्या विचारतो."

दुसऱ्या दिवशीही मी 'काढा'च म्हटलं. तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "मंडळाची पद्धत अशी, की ज्याचं प्रकरण त्यानेच काढायचं. कुठल्या ओळीवर कोण टेकून उभा आहे हे त्यालाच कळतं."

म्हणजे आपल्या हाताने. बसलो. वर्षांची मेहनत एकेक ओळ वाचून खोडायची, आणि प्रत्येक ओळीशी एक किस्सा. ही ओळ पंख्याचा पट्टा तुटला त्या दिवशीची, ही आईच्या आजारपणातली. एका जागी मात्र हात थांबला. वीसच्या हातच्याची युक्ती सोलापूरच्या एका गृहस्थांनी आमच्या प्रकरणातून उचलून सामायिक भागात नेली होती. त्यांच्याकडे चादरी कोडीने मोजत, आणि कोडी वीसची. त्यांच्या मशीनला तो रकाना नव्हता म्हणून त्यांनी हातचा प्रोग्रामनेच करवून घेतला होता. मला ह्याचा पत्ताच नव्हता. तेवढं राहू दिलं. लाखनीचा कुडो गेला आणि सोलापूरच्या चादरीत राहिला.

पुढचं सगळं दादासाहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. ते शब्दाचे पक्के. मशीन विकलं, आणि ते बाहेर काढायला पुन्हा तीच भिंत पाडली. भंगारवाल्याने कपाटं हातोड्याने फोडायला सुरुवात केली तेव्हा जब्बारभाई मिलमध्ये निघून गेले आणि दोन दिवस आले नाहीत. मला फार वाईट वाटलं. आजही वाटतं. बरोबर केलं म्हणून वाईट वाटायचं थांबत नाही.

आणि मी काट्यावर बसलो. पत्र्याखाली, कोंड्यात, हातात पावतीपुस्तक आणि कानावर पेन. आधीचा कारकून सभासदाचा नंबर आणि क्विंटल लिहून मोकळा व्हायचा. मला ते जमेना. पहिल्याच हंगामात मी पावतीवर आधी नाव लिहायला लागलो, मराठीत, पूर्ण. खाली क्विंटल. आणि सवयीने त्याच्या खाली खंडी-कुडो. जे दोन मशीनांना मिळून जमलं नव्हतं ते एका पेनाने होत होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं, मलासुद्धा पाच-पन्नास पावत्या झाल्यावर कळलं.

बुधाजी आला तो बंडी घेऊन. पोत्यांवर त्याची बायको बसली होती. तोल झाला. मी पावती फाडून दिली. त्याने बोट ठेवून वाचली. "बुधाजी सोमाजी भोंगाडे. पिंपळगाव." पुन्हा वाचली. मग पावती खिशात ठेवली, पण जागचा हलेना.

"काय झालं?"

"आता एक तिच्या नावानं लिहा ना जी."

"पावती सभासदाच्या नावाने असते, बुधाजी. सभासद तुम्ही."

"असू द्या. रोवलं तं तिनंच, कापलं तिनंच. मी तं फक्त बंडी हाकलत आणली."

मागे रांग ओरडत होती. मी पेन उघडलं. "बरं, नाव काय?"

बुधाजीने पत्र्याकडे पाहिलं, मग बैलांकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला. "तिचं नाव मी कसं घेऊ जी?"

इतक्या वर्षांत आमच्या मशीनमध्ये तिचा नंबरसुद्धा नव्हता, तेव्हा मलाही ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी बंडीकडे मान वर केली. तिने पदर सारखा केला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं,

"भागरता! मोठ्या अक्षरानं लिहा जी. मले वाचता येत नाही, पण दिसलं तं पाह्यजे."

मी मोठ्या अक्षरात लिहिलं. इतक्या मोठ्या, की खाली क्विंटल लिहायला जागाच उरली नाही.